गोळी लागू पडली होती, मग गाठ परत कशी वाढली?

प्रश्न बीड जिल्ह्यातून आलाय, मुलाने आईसाठी विचारलेला. आईचं वय ५८. फुप्फुसाचा कॅन्सर, ॲडेनोकार्सिनोमा, चौथी स्टेज. तपासणीत ईजीएफआर जनुकात एक्झॉन १९ चा (जनुकाच्या एका ठरावीक भागातला) बदल निघाला म्हणून गेफिटिनिब २५० मिलिग्रॅमची रोज एक गोळी सुरू झाली. महिना-दीड महिन्यात धाप गेली, खोकला गेला, चौदा महिने माय घरचं सगळं करत होती. आता स्कॅनमध्ये जुनी गाठ वाढलेली दिसते आणि यकृतावर एक नवा ठिपका आहे. मुलाचे प्रश्न असे: गोळ्या डुप्लिकेट निघाल्या का? डोस कमी पडला का? शरीराला औषधाची सवय झाली का? डॉक्टर परत तपासणीसाठी गाठीचा तुकडा (बायोप्सी) घ्यायचा म्हणतात आणि भावकीतले म्हणतात की तुकडा काढला की पसरतं, मग काय करायचं? आणि मुळात, एवढी गाठ विरघळवणाऱ्या औषधातून या पेशी वाचतातच कशा?

मी मराठवाड्यात कॅन्सरच्या औषधोपचाराचंच काम करतो. हा प्रश्न थोड्याफार फरकाने ओपीडीत रोजचा आहे. आधी दोन गोष्टी सांगून टाकतो, बाकीचं सावकाश वाचा. तुकडा घ्या. आणि पुढचं औषध ठरेपर्यंत चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. गाठीतल्या बऱ्याच पेशी अजूनही त्याच गोळीने दबलेल्या असतात. गोळी एकदम सुटली की काही रुग्णांत आठ-पंधरा दिवसांत आजार असा उसळतो की पुढचं औषध सुरू करायलाही अंगात ताकद राहत नाही.

आता संशयाचं. बनावट औषधं बाजारात नसतातच असं मी म्हणणार नाही. कॅन्सरचं औषध पक्क्या बिलाने घ्यावं, बिलावरचा बॅच नंबर पट्टीवरच्या नंबराशी जुळवून पाहावा. पण तुमच्या आईच्या बाबतीत ही शंका टिकत नाही. तुम्हीच लिहिलंय की पहिल्या महिन्यात चेहऱ्यावर आणि पाठीवर मुरमांसारखं पुरळ उठलं, नंतर पायाच्या अंगठ्याचं नख कडेने पिकलं, अधूनमधून पोट बिघडायचं. ईजीएफआर हे प्रथिन कातडीत, नखाच्या मुळाशी आणि आतड्याच्या अस्तरातही असतं. गोळी तिथेही त्याला अडवते, म्हणून हे त्रास होतात. औषध खरं होतं आणि पोचत होतं, याची ही खूण आहे.

डोसचंही तसंच. गेफिटिनिबच्या सुरुवातीच्या चाचण्यांत २५० आणि ५०० मिलिग्रॅम दोन्ही देऊन पाहिले होते. ५०० ने गाठ जास्त आटली नाही, त्रास मात्र वाढला. डोस कमी पडण्याचा एक खरा मार्ग आहे, तो वेगळाच, आणि आपल्या भागात तो तपासून पाहावाच लागतो. फुप्फुसात डाग दिसला की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा. कित्येकांना आधी टीबीचं औषध चालू होतं, कॅन्सर नंतर कळतो, आणि कधी दोन्ही आजार खरोखरच एकत्र असतात. टीबीच्या औषधातलं रिफॅम्पिसिन यकृतातली औषध मोडणारी यंत्रणा इतकी चेतवतं की गेफिटिनिबचं रक्तातलं प्रमाण पाचव्या हिश्श्याच्याही खाली येतं. रुग्ण रोज गोळी खातो, पण ती असून नसल्यासारखी. दुसरं, ॲसिडिटीची गोळी. गेफिटिनिब विरघळायला पोटात आम्ल लागतं, आणि आपल्याकडे तर पँटोप्राझोल चहाआधी घेण्याचीच पद्धत पडलीय. तुमच्या आईला यातलं काही चालू होतं का, ते डॉक्टरांना सांगा. मिर्गीची काही औषधंही रिफॅम्पिसिनसारखंच करतात. काढे-चूर्ण काही असेल तर तेही लपवू नका, कुणी रागावणार नाही.

राहिली सवय. शरीराला सवय होत नाही. बदलते ती गाठीतल्या पेशींची वस्ती. हे कापूस लावणाऱ्याला फार समजवावं लागत नाही. २००२ मध्ये आपल्याकडे बीटी कापूस आला आणि बोंडअळ्या मरू लागल्या. पण लाखो-करोडो गुलाबी बोंडअळ्यांत ते विष पचवू शकणाऱ्या मोजक्या अळ्या होत्याच. बाकीच्या मेल्या, या उरल्या, यांचीच पिल्लावळ वाढली, आणि २०१७ च्या हंगामात मराठवाड्याने काय पाहिलं ते तुम्हाला सांगायला नको. विषाने अळीला काही शिकवलं नाही. विषाने फक्त निवड केली.

पेशींच्या बाबतीत अशी निवड होते हे ल्युरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये जिवाणूंवर दाखवलं होतं: विषाणूला दाद न देणारे जिवाणू विषाणू येण्याच्या आधीच वस्तीत तयार झालेले होते. कॅन्सरमध्ये आकडे अंगावर येणारे आहेत. सेंटीमीटरभर गाठीत दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत पेशी असू शकतात. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल होते, नकलेत चुका होतात. एखाद्या ठरावीक अक्षरावरच चूक होण्याची शक्यता नगण्य, पण नकलाच अब्जावधी झाल्या की ती कुठेतरी होऊन बसलेली असते. स्कॅनला काही मिलिमीटरच्या खालचं दिसत नाही. तेव्हा 'रिपोर्ट एकदम क्लीन' असताना आत कोट्यवधी पेशी जिवंत असू शकतात. आम्ही पेढे नाकारत नाही, पण आनंद जरा जपून करतो तो यामुळे.

थोडं बाजूला जातो. पेशी कमी असताना गाठलं तर निसटायला वाट कमी असते, याचा एक मोठा पुरावा आपल्याच भागातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये तो छापून आला. ज्या गावांत आयुष्यात एकदाच एचपीव्ही या विषाणूची तपासणी करून सापडेल त्याला उपचार दिला, तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. कुठलंही नवं औषध नव्हतं त्यात. फुप्फुसाला अशी सोपी तपासणी आपल्याकडे अजून नाही, म्हणून बहुतेकजण तुमच्या आईसारखे चौथ्या स्टेजलाच येतात.

आता नेमकं काय बदलतं ते बघू. ईजीएफआर पेशीच्या पृष्ठभागावर असतो. त्याच्या आतल्या बाजूच्या खाचेत एटीपी हा ऊर्जेचा रेणू बसला की पेशीला वाढीचा हुकूम सुटतो. एक्झॉन १९ मधला थोडा भाग गळाल्यामुळे तुमच्या आईच्या गाठीत हा हुकूम थांबतच नव्हता. गेफिटिनिब त्याच खाचेत जाऊन बसतं, एटीपीला जागा देत नाही. मग वाढीच्या हुकमावर जगणारी पेशी मरते. पण ७९० क्रमांकाच्या जागेवर थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन आलं तर खाचेची एटीपीवरची पकड वाढते आणि गेफिटिनिब मागे पडतं. डीएनएतल्या एका अक्षराचा फरक, बस. याला टी७९०एम म्हणतात. तो २००५ मध्ये सापडला, आणि गेफिटिनिब किंवा तिच्यासारख्याच एर्लोटिनिबनंतर उलटलेल्या आजारात साधारण निम्म्या रुग्णांत तोच असतो.

त्याच्यावर औषध आहे. ओसिमर्टिनिब मुद्दाम या बदललेल्या खाचेसाठी घडवलं गेलं आणि २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते खाचेच्या कडेला ७९७ क्रमांकावर असलेल्या सिस्टीनशी कायमचा बंध जोडून बसतं, त्यामुळे एटीपी त्याला हलवू शकत नाही. २०१७ च्या चाचणीत, टी७९०एम असलेल्या रुग्णांत आजार थोपवून धरण्याचा मध्यम काळ केमोने ४.४ महिने होता, ओसिमर्टिनिबने १०.१. मेंदूतही ते गेफिटिनिबपेक्षा चांगलं पोचतं, आणि ही गोष्ट लहान नाही. मेंदूभोवतीच्या पडद्याआड बसलेल्या पेशी औषधाला दाद देत नाहीत असं वाटतं, प्रत्यक्षात औषधच त्यांच्यापर्यंत पुरेसं गेलेलं नसतं. तुमच्या आईचा मेंदूचा एमआरआय अलीकडे झाला नसेल तर आता करून घ्या, डोकं दुखायची वाट बघू नका.

ओसिमर्टिनिबलाही पेशी चुकवतात. ७९७ वरच्या सिस्टीनच्या जागी सेरीन आलं की बंध जोडायला जागाच राहत नाही. म्हणजे तेच पुन्हा. म्हणून एकापुढे एक नवी गोळी काढत राहणं हे उत्तराचा एक भाग आहे, पूर्ण उत्तर नाही.

कारण दुसऱ्या प्रकारच्या पेशी आहेत, आणि मला स्वतःला त्या जास्त अवघड वाटतात. २०१० मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी पीसी९ नावाच्या फुप्फुस-कॅन्सरच्या पेशी घेतल्या. या पेशींत तुमच्या आईच्याच गाठीसारखा एक्झॉन १९ चा बदल असतो. त्यांच्यावर मारक प्रमाणाच्या शंभरपटीहून जास्त औषध ओतलं. जवळपास सगळ्या मेल्या. हजारात तीनच्या आसपास उरल्या. त्यांच्यात टी७९०एम नव्हता, खास असा कुठलाच बदल नव्हता. त्यांनी वाढणं जवळपास थांबवून टाकलं होतं, डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्याची मांडणी बदलून कित्येक जनुकं मिटून घेतली होती. आणि औषध काढून घेतल्यावर, काही काळाने, याच पेशींची पिलं पुन्हा औषधाने मरू लागली. अळीचं उदाहरण इथे अपुरं पडतं. या पेशी औषधाला न जुमानणाऱ्या जातीच्या नव्हत्या, त्या दबा धरून बसल्या होत्या. पेनिसिलिनखाली असेच चिवट जिवाणू उरतात हे जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्येच लिहून ठेवलं होतं.

दबा धरलेल्या पेशी कायम तशाच राहत नाहीत. त्यातल्या काहींत पुढे खरा बदल होतो आणि त्या औषध चालू असतानाच वाढू लागतात. २०१६ च्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं: काही टी७९०एम पेशी पहिल्या दिवसापासून होत्या, तर काही या दबून बसलेल्यांतूनच नंतर तयार झाल्या. तुमच्या आईच्या चौदा चांगल्या महिन्यांत आत बहुधा हेच चाललं होतं.

त्यांना मारायचं कसं यावर जगभर काम चालू आहे. २०१७ मध्ये असं दिसलं की या पेशी जीपीएक्स४ नावाच्या एका एन्झाइमवर फार अवलंबून असतात. पेशीच्या आवरणातली चरबी लोहाच्या संगतीने खवट होऊन पेशी फुटू नये म्हणून ते एन्झाइम राखण करतं. ते बंद केलं की उरलेल्या पेशी मरतात. प्रयोगशाळेत. रुग्णाला देता येईल असं औषध यातून अजून निघालेलं नाही, तेव्हा हे वाचून कुणी लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. असल्या बातम्या व्हॉट्सॲपवर 'कॅन्सरवर रामबाण सापडला' म्हणून फिरतात, तुमच्याही घरच्या ग्रुपवर आली असेल.

तिसरी तऱ्हा म्हणजे आडवाट. ईजीएफआरचा हुकूम बंद आहे ना, मग पेशी मेट नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या प्रती भरमसाट वाढवते आणि तोच निरोप त्या वाटेने आत पोचवते. खाच जशीच्या तशी असते, गोळी खाचेत नीट बसलेली असते, तरी पेशी वाढते. अशा वेळी ईजीएफआरवरची गोळी चालू ठेवून मेटवरचं औषध जोडावं लागतं. आणि चौथी, थोड्याच रुग्णांत दिसणारी: पेशी आपला प्रकारच बदलते. ॲडेनोकार्सिनोमाचा स्मॉल सेल कॅन्सर होतो. त्याला ईजीएफआरची गरजच उरत नाही, त्याचा उपचार म्हणजे इटोपोसाइड आणि प्लॅटिनमची केमो. इथे ओसिमर्टिनिब दिलं तर दीड-दोन महिने वाया जातात आणि हा प्रकार तेवढा वेळ देत नाही.

आता कळेल की तुकडा कशासाठी. खाचेतला बदल, आडवाट आणि बदललेला प्रकार बाहेरून सारखेच दिसतात. स्कॅनवर गाठ वाढली, एवढंच. उपचार मात्र तिन्ही ठिकाणी वेगळा. पहिल्या वेळचा तुकडा आता जुना झाला, तो औषध सुरू होण्याआधीच्या वस्तीचा होता.

बरेच डॉक्टर आधी रक्तावर टी७९०एम बघतात, तेही योग्यच. मेलेल्या कॅन्सर पेशींचा डीएनए रक्तात सांडतो, तो दोन नळ्या रक्तात पकडता येतो. रक्तात टी७९०एम सापडला तर त्यावर विश्वास ठेवून ओसिमर्टिनिब सुरू करता येतं, सुईची गरज पडत नाही. नाही सापडला तर मात्र 'नाही' असा अर्थ होत नाही. तुकड्यात टी७९०एम असलेल्या दहातल्या सुमारे तिघांत तो रक्तात दिसत नाही. आणि स्मॉल सेल झालाय का हे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच कळतं, रक्ताच्या त्या रिपोर्टवर ते येत नाही.

तुकडा काढल्याने पसरतं, लोखंड लागलं की उधळतं, हे मी पिढ्यानपिढ्या ऐकतोय. सुईच्या वाटेत पेशी रुजण्याचे प्रकार वैद्यकात नोंदलेले आहेत, पण अत्यंत विरळ. समज पसरण्याचं कारण वेगळं आहे: आपल्याकडे माणूस उशिरा येतो, आजार आधीच पुढे गेलेला असतो, तपासणीनंतर महिन्याभरात तो दिसू लागतो आणि दोष सुईवर जातो. तुमच्या आईचा आजार तसाही यकृतापर्यंत गेलेला आहे. यकृतावरचा ठिपका नवा आहे, सोनोग्राफीखाली दिसत असेल तर तुकडा तिथूनच घेणं फुप्फुसापेक्षा सोपं पडतं. फुप्फुसात सुई गेली तर हवा गळून फुप्फुस बसण्याचा धोका काही प्रमाणात असतो, यकृतात मुख्यतः रक्तस्रावाचा. त्यासाठी आधी रक्त गोठण्याची तपासणी करतात. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

रिपोर्ट आल्यावर साधारण असं होतं. टी७९०एम असेल तर ओसिमर्टिनिब ८० मिलिग्रॅम रोज. मेट वाढलेलं असेल तर वर सांगितलं तसं जोडऔषध. आपल्याकडे त्यासाठी क्रिझोटिनिब वापरलं जातं, नवी औषधंही आहेत, खर्चाचा प्रश्न आहेच. स्मॉल सेल असेल तर त्याची केमो. काहीच सापडलं नाही, असंही बऱ्याचदा होतं, तर पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन. ही केमो बहुतेकांना बऱ्यापैकी सोसते, फक्त आठवडाभर आधी फॉलिक ॲसिड आणि बी१२ चं इंजेक्शन सुरू झालेलं असावं लागतं. केमो लागली तर 'सोबत जुनी गेफिटिनिबही राहू द्या' असा आग्रह नातेवाइक धरतात. २०१५ मध्ये यावर चाचणी झाली: गेफिटिनिबवर आजार वाढलेल्यांत ती केमोबरोबर चालू ठेवून काही फायदा झाला नाही, नंतरच्या आकड्यांत आयुष्यही त्या गटात कमीच निघालं.

एखाद्याच ठिकाणी गाठीने डोकं वर काढलं असेल आणि बाकी सगळं शांत असेल, तर त्या एका जागेवर रेडिएशन देऊन तीच गोळी पुढे चालवता येते. तुमच्या आईला दोन ठिकाणी वाढ आहे, म्हणून हा मार्ग बहुधा पहिला नसेल. तरी विचारायला हरकत नाही.

इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या औषधांचं, विचारणारे खूप. ईजीएफआर बदल असलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ती एकटी फारशी लागू पडत नाही, आणि तिच्या लगेच नंतर ओसिमर्टिनिब दिलं तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. शेत विकून ती घेण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. हे मी जरा जोरात सांगतो.

पेशी निसटणार हे आधीच माहीत असेल तर सुरुवातीलाच दोन बाजूंनी का घेरू नये? घेरतात. टाटा मेमोरियलच्या चाचणीत ३५० रुग्णांपैकी निम्म्यांना नुसती गेफिटिनिब आणि निम्म्यांना गेफिटिनिबबरोबर पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन दिली. आजार थोपण्याचा मध्यम काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. दोन वेगळ्या तऱ्हेने मारणारी औषधं एकाच वेळी असली की दोन्हींतून वाचणारी पेशी आधीपासून हजर असण्याची शक्यता फार कमी होते. टीबीला चार औषधं एकदम देतात त्यामागेही हाच हिशेब आहे. मात्र या जोड उपचारात गंभीर त्रास होणाऱ्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेलं. तुमच्या आईला तेव्हा एकटी गोळी दिली यात कुणाचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. धाप लागलेल्या बाईला, जवळच्या दवाखान्यात रक्ताच्या पेशी मोजायची सोय नसताना, दर तीन आठवड्यांनी केमोला आणणं किती जमेल हे समोरच्या डॉक्टरने पाहायचं असतं.

दुसरी एक उलटी कल्पना आहे, मला ती आवडते पण घरी करून बघायची नाही. बीटीच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी सरकीचं १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट यायचं, आठवतं? बहुतेकांनी ते बांधावर टाकून दिलं. कडेच्या त्या साध्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात आणि त्यांनी विष पचवणाऱ्यांना एकट्याने शिवार घेऊ देऊ नये, यासाठी ते होतं. फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरचे रॉबर्ट गेटनबी यांनी शेतीतल्या कीड-व्यवस्थापनातूनच हा विचार उचलला. प्रोस्टेट कॅन्सरमध्ये ॲबिरॅटेरोन हे औषध देऊन पीएसए (रक्तातली त्या कॅन्सरची खूण) निम्म्यावर आला की औषध थांबवायचं, औषधाला दबणाऱ्या पेशींना थोडं वाढू द्यायचं, पीएसए मूळ पातळीवर आला की परत सुरू. २०१७ मध्ये ११ रुग्णांचे निकाल आले: निम्म्याहून कमी औषधात आजार नेहमीपेक्षा जास्त काळ आटोक्यात राहिला. अकरा माणसं म्हणजे पुरावा नव्हे, सुरुवात. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हा अजून उपचार नाही.

इथे एक इशारा द्यावा लागतो, कारण 'थांबत थांबत घेतली तरी चालते' हा अर्थ लोक लगेच काढतात. रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार आहे, सीएमएल. इमॅटिनिब २००१ मध्ये आलं आणि त्या आजाराचं रूपच पालटलं. एक आजोबा नियमित येतात, परभणीकडचे. त्यांची बीसीआर-एबीएलची (रक्तात हा आजार किती उरलाय ते दाखवणारी) आकडेवारी खाली येत येत अडखळली आणि पुन्हा वर चढू लागली. मी पट्ट्या मागितल्या. धोतराच्या सोग्यातून काढलेल्या पट्टीवर एक खण फुटलेला, एक भरलेला, एक फुटलेला, एक भरलेला. एस.टी.चं भाडं वाचवायचं, म्हणून महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवत होते. 'डाक्टर साहेब, लई दूर पडतंय.' त्यांच्यात नवा बदल नव्हता, नुसतं औषध कमी होतं, ते नीट चालू केल्यावर आकडा खाली आला. पण अर्धवट औषधात पेशी जगत आणि विभागत राहतात, आणि त्यातून टी३१५आय हा बदल पुढे आला असता तर इमॅटिनिब, डॅसॅटिनिब, निलोटिनिब तिन्ही बाद, मग पोनॅटिनिब किंवा ॲसिमिनिब शोधत बसावं लागलं असतं. आता आम्ही अशांना तीन-तीन महिन्यांचं औषध एकदम देतो.

तोंडाच्या कॅन्सरचं थोडक्यात सांगतो, कारण मराठवाड्यात तंबाखू-गुटख्यामुळे तो घरोघर आहे आणि हे वाचणाऱ्या निम्म्यांना त्याचंच उत्तर हवं असेल. तिथे ईजीएफआरच्या खाचेसारखं एक ठळक लक्ष्य नसतं, वाचण्याच्या वाटा अनेक असतात. म्हणून टाटा मेमोरियलने मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब या कमी डोसच्या गोळ्यांना निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस दर तीन आठवड्यांनी जोडून पाहिला, आणि पुढे गेलेल्या आजारात वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. तुमच्या ओळखीत असा रुग्ण असेल तर डॉक्टरांना कमी डोसच्या निव्होलुमॅबबद्दल जरूर विचारा.

पेशी औषध बाहेर फेकणारे पंप बसवतात असं तुम्ही कुठेतरी वाचलंय. खरं आहे, पी-ग्लायकोप्रोटीन १९७६ मध्ये सापडलं आणि डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन यांसारखी केमोची औषधं ते बाहेर ढकलतं. पंप बंद करणाऱ्या औषधांच्या मागे वीस-पंचवीस वर्षं गेली. पण तेच पंप आतड्यात, मेंदूच्या पडद्यात आपल्याच रक्षणासाठी असतात. ते बंद केले की केमोच अंगावर उलटते. तुमच्या आईच्या पुढच्या निर्णयात याला महत्त्व नाही.

पुढच्या भेटीला जाताना पहिल्या बायोप्सीचा ब्लॉक आणि स्लाइड सोबत न्या. तो मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये असतो आणि मागितला की मिळतो, तो तुमचा आहे. पहिल्यापासूनच्या सगळ्या स्कॅनच्या सीडी न्या, नुसते रिपोर्ट नकोत, कारण वाढ किती वेगाने झाली ते चित्रं शेजारी लावूनच कळतं. चालू गोळ्यांच्या पट्ट्या न्या, ॲसिडिटीच्या धरून. तुकडा घेणाऱ्यांना आधीच सांगा की जनुकतपासणीलाही पाठवायचाय, म्हणजे ते दोन-तीन जास्तीचे धागे घेतील; पुरेसं मटेरियल नाही म्हणून परत सुई घालावी लागते तेव्हा रुग्णाचं मन उडतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, महात्मा फुले योजनेत कुठली केमो बसते ते तो सांगेल. ओसिमर्टिनिब लागलं तर कंपनीची रुग्ण-मदत योजना आहे का ते डॉक्टरांच्या खोलीबाहेर पडण्याआधीच विचारा. आणि रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर धाप वाढली, एका बाजूला अशक्तपणा आला किंवा डोळे पिवळे दिसले तर तारखेची वाट न बघता आईला घेऊन निघा.